कोडमध्ये फेरफार झाला, नोटीस कुणाकुणाला?

२८ मार्च २०२१, रविवार. पीएचपी या वेबसाइट बनवायच्या प्रोग्रामिंग भाषेच्या मूळ कोडमध्ये एक बदल दाखल झाला. शीर्षक होतं ‘टायपो दुरुस्त’, म्हणजे टायपिंगमधली किरकोळ चूक काढली. करणाऱ्याचं नाव होतं रास्मुस लेर्डोर्फ, खुद्द पीएचपीचे जनक. बदल मात्र किरकोळ नव्हता. वेबसाइटकडे येणाऱ्या प्रत्येक विनंतीसोबत ‘यूजर-एजंट’ नावाची एक ओळ असते. या बदलानंतर, त्या नावाच्या शेवटी एक ‘टी’ जास्त असलेली ओळ पाठवली आणि तिची सुरुवात ठरावीक शब्दाने केली, की पुढचा मजकूर सर्व्हरवर थेट कोड म्हणून चालणार होता. सरळसरळ चोरदरवाजा. काही तासांत तो लक्षात आला आणि काढला गेला. त्यावर आणखी एक बदल आला, ‘काढलेलं परत घाला’ असं सांगणारा, या वेळी पीएचपीचेच एक प्रोग्रामर निकिता पोपोव्ह यांच्या नावाने. तोही काढला. ज्यांची नावं लावली होती त्या दोघांचा या प्रकाराशी काही संबंध नव्हता.

यात कुठलं महागडं सुरक्षा-यंत्र कामाला आलं नाही. दाखल झालेले बदल नंतर पुन्हा वाचायची पीएचपीवाल्यांची जुनी सवय कामाला आली. आता कुणी वाचायचं तर आधी त्याला कळलं पाहिजे की बदल झालाय. हे कळवायचा सगळ्यात जुना आणि अजूनही टिकून असलेला मार्ग म्हणजे मेलिंग लिस्ट. एखाद्या मुक्त (ओपन सोर्स) प्रकल्पात नव्याने शिरलेला माणूस पहिल्यांदा वैतागतो तोही याच लिस्टांवर: सबस्क्राइब केलं आणि सकाळी इनबॉक्समध्ये तीनशे मेल. तेव्हा या लिस्टा कशासाठी असतात, त्यांची विभागणी कशी करायची आणि त्या कुठे गळतात ते नीट पाहू.

सातबारा, फेरफार आणि चावडी

सॉफ्टवेअरचा कोड जिथे ठेवतात ती रेपॉझिटरी, बोलताना रेपो. रेपोत केलेल्या एका बदलाची नोंद म्हणजे कमिट. त्यात काय बदललं, कुणी बदललं, कधी आणि का, हे सगळं असतं. आपल्या संगणकावरची कमिट मुख्य सर्व्हरवर पाठवणं म्हणजे पुश. कोडची मूळ वाट सोडून समांतर काम करायला पाडलेली वाट म्हणजे ब्रँच.

जमिनीचे व्यवहार पाहिलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागू नये. सातबारा जमिनीची आजची स्थिती सांगतो. ती तशी का झाली ते गाव नमुना ६ मध्ये, फेरफार नोंदवहीत सापडतं. कमिट म्हणजे कोडची फेरफार नोंद. आणि नोंद घेतल्यावर तलाठी काय करतो ते आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचं आहे. नोंदीची एक प्रत तो चावडीवर लावतो, आणि ज्यांचा त्या जमिनीत हितसंबंध आहे त्यांना वेगळं लेखी कळवतो. हरकत घ्यायला १५ दिवस असतात. गावातल्या प्रत्येक फेरफाराची नोटीस प्रत्येक उंबऱ्यावर जात नाही, पण ज्याला सगळं पाहायचंय त्याला चावडी उघडी असते.

बदल कळवणाऱ्या लिस्टांची रचना अशीच हवी: सगळं एका ठिकाणी, आणि ज्याचं त्याला वेगळं. बहुतेक प्रकल्प यातलं एकच करतात. एक तर सगळ्यांना सगळं पाठवतात, नाहीतर चावडीच बांधत नाहीत.

मेलिंग लिस्ट म्हणजे एक सामाईक पत्ता. त्यावर मेल टाकला की सबस्क्राइब केलेल्या सगळ्यांकडे जातो आणि एक प्रत संग्रहात राहते. हा संग्रह म्हणजे आपली चावडी. सबस्क्राइब न करताही तो कुणालाही वाचता यायला हवा.

माणसांचं बोलणं वेगळं, यंत्राचं वेगळं

पहिली वाटणी इथेच करायची. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टँकरची सूचना, सुप्रभातचे फोटो आणि पार्किंगचं भांडण एकत्र आलं की लोक ग्रुपच म्यूट करतात, आणि नेमकी टँकरची सूचना चुकते. लिस्टचंही तसंच. यंत्र दिवसाला ४० मेल टाकतं, माणसं ५. चाळिसांच्या गर्दीत पाच दिसत नाहीत. मग माणसं लिहायची थांबतात.

म्हणून मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या अपाचे फाउंडेशनच्या प्रकल्पांत चर्चेची ‘डेव्ह’ लिस्ट वेगळी आणि ‘कमिट्स’ लिस्ट वेगळी असते. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या प्रकल्पातही कमिटचे मेल ‘कमिटर्स’ लिस्टवर जातात आणि वादविवाद ‘हॅकर्स’ लिस्टवर होतात.

वेगळ्या केल्या तरी त्यांच्यात एक दुवा लागतो. कमिटचा मेल वाचून कुणाला शंका आली तर तो ‘रिप्लाय’ दाबणार. ते उत्तर कमिटच्या लिस्टवर गेलं तर यंत्राच्या मेलांत बुडणार. उपाय सोपा आहे: कमिटच्या मेलमध्ये ‘रिप्लाय-टू’ म्हणून चर्चेच्या लिस्टचा पत्ता घाला. उत्तर आपोआप माणसांमध्ये जातं, आणि कुठल्या कमिटबद्दल बोलणं चाललंय ते विषयाच्या ओळीत राहतं. कमिटच्या लिस्टवर लिहिण्याचा अधिकार यंत्राच्या पत्त्यालाच ठेवा. दुसऱ्या कुणाचा मेल आला तर ‘चर्चा अमुक पत्त्यावर करा’ एवढं सांगून परत पाठवा. मेल परस्पर गिळून टाकू नका, लिहिणाऱ्याला वाटतं पोचला.

रेपोप्रमाणे नको, कामाप्रमाणे

पुढचा प्रश्न: कमिटच्या लिस्टा किती? सुचणारं पहिलं उत्तर असतं ‘प्रत्येक रेपोला एक’. कागदावर नीटनेटकं दिसतं. सहा महिन्यांनी तीस लिस्टा असतात, त्यांतल्या वीसांवर दोन-दोन सभासद, आणि नवीन आलेल्याला कशात नाव घालायचं तेच कळत नाही.

लिस्ट काढण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारावा: यावर मेल आला की कोण काय करणार? ‘डेटाबेसची जबाबदारी असलेली दोघं डेटाबेसची रचना बदलणारी स्क्रिप्ट तपासणार’ असं उत्तर आलं तर लिस्ट काढा. ‘माहिती असलेली बरी’ असं आलं तर ती माहिती चावडीवर आहेच.

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमची मांडणी पाहण्यासारखी आहे. तिथे मूळ कोड, इतर सॉफ्टवेअर बांधायच्या कृती म्हणजे पोर्ट्स, आणि दस्तऐवज असे ठळक भाग आहेत. मूळ कोडसाठी एक लिस्ट मुख्य ब्रँचची, एक बाकीच्या म्हणजे रिलीज झालेल्या आवृत्त्यांच्या ब्रँचची, आणि ‘ऑल’ नावाची एक, जिच्यावर दोन्हीचं सगळं येतं. सर्व्हर चालवणाऱ्याला उद्याच्या कोडशी देणंघेणं नसतं. आपण वापरतो त्या आवृत्तीत काय शिरलं एवढंच तो पाहणार. मुख्य ब्रँचवर काम करणाऱ्याचं नेमकं उलटं. वाचणारे दोन, म्हणून लिस्टा दोन, आणि ‘ऑल’ ही चावडी.

डेबियन या लिनक्सच्या एका प्रकाराने याहून पुढे जाऊन लिस्ट पाडण्याचं काम वाचणाऱ्यावरच सोपवलं. त्यांच्या पॅकेज ट्रॅकरवर तुम्ही एखादं पॅकेज निवडता आणि त्यातलं काय हवं ते सांगता: बगच्या नोंदी, कोडमधले बदल, नव्या आवृत्तीचं अपलोड, भाषांतरं. ही सोय स्वतः बांधायला मात्र बरीच मेहनत आहे. दिवसाला दहा-पंधरा कमिट असलेल्या प्रकल्पाने तिच्या मागे लागू नये. त्याला एक चर्चेची आणि एक कमिटची, एवढ्या दोन लिस्टा भरपूर झाल्या.

तिसरी लिस्ट लवकर लागते ती भाषांतरकारांसाठी, आणि तिचाच सगळ्यांना विसर पडतो. मराठीत सॉफ्टवेअर आणणाऱ्यांना याचा जाच चांगला ठाऊक असेल. पडद्यावरचा इंग्रजी मजकूर आणि त्याचं भाषांतर ‘पीओ’ नावाच्या फाइलमध्ये जोडीने असतात. कुणी प्रोग्रामर ‘डिलीट’ या बटणापुढे तीन टिंबं वाढवतो. त्याच्या लेखी हा काहीच बदल नाही. पण फाइल नव्या मजकुराशी जुळवली की ती जोडी ‘फझी’ ठरते, म्हणजे शंकास्पद, आणि फझी भाषांतर नेहमीच्या रचनेत पडद्यावर दाखवलं जात नाही. परिणाम असा की बाकी सगळा पडदा मराठीत आणि एक बटण इंग्रजीत. म्हणूनच ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपसारख्या प्रकल्पात रिलीजच्या आधी ‘स्ट्रिंग फ्रीझ’ असतो. त्या काळात मजकूर बदलायचा तर भाषांतरकारांना कळवून परवानगी घ्यावी लागते. तुमचा प्रकल्प लहान असला तरी ज्या कमिटने दिसणारा मजकूर बदलला तिचा मेल भाषांतराच्या लिस्टवर जाईल एवढं करता येतंच. हजार कमिटमधून भाषांतरकाराने ती एक शोधावी ही अपेक्षा चुकीची आहे.

पुश ते पोस्ट: मधल्या पायऱ्या

गिट ही कमिटची नोंद ठेवणारी प्रणाली. तिच्यात सर्व्हरवर काही ठरावीक क्षणी आपली स्क्रिप्ट चालवता येते. तिला हूक म्हणतात. मेलसाठीचा हूक ‘पोस्ट-रिसीव्ह’. पुश स्वीकारून झाल्यावर तो चालतो, त्यामुळे तो काही अडवू शकत नाही, फक्त कळवू शकतो. (अडवायचं असेल तर त्याचा भाऊ ‘प्री-रिसीव्ह’ आहे.) प्रत्येक बदललेल्या ब्रँचमागे त्याला तीन गोष्टी मिळतात: जुनी कमिट, नवी कमिट आणि ब्रँचचं नाव. ब्रँच नव्याने आली असेल तर जुन्या कमिटच्या जागी नुसते शून्य असतात, पुसली असेल तर नव्या कमिटच्या जागी. हे शून्य पुढे एक गोंधळ घालणार आहेत.

हूक स्वतः लिहू नका. ‘गिट-मल्टिमेल’ नावाची स्क्रिप्ट हे काम नीट करते: एका पुशचा एक सारांश-मेल, आणि त्याला उत्तर म्हणून जोडलेला प्रत्येक कमिटचा सुटा मेल. मेल वाचायच्या प्रोग्रामात ते एका धाग्यात दिसतात. नको असेल तर अख्खा धागा एका फटक्यात उडवता येतो.

रेपो गिटहब या रेपो ठेवायच्या सेवेवर असेल तर तिथे स्वतःचा पोस्ट-रिसीव्ह बसवता येत नाही. पण रेपोच्या सेटिंगमध्ये पुशचे मेल पाठवायला दोन पत्ते देता येतात, तिथे माणसांचे पत्ते न घालता लिस्टचा पत्ता घाला. माणसं येतील-जातील, सेटिंग तेच राहील. गिटलॅबवर ‘ईमेल्स ऑन पुश’ नावाने अशीच सोय आहे. फाइलच्या मार्गावरून वेगवेगळ्या लिस्टांवर वाटणी हवी असेल तर वेबहूक, म्हणजे पुश झाला की तुमच्या सर्व्हरला आपोआप मिळणारा संदेश, घेऊन मध्ये छोटा प्रोग्राम ठेवावा लागतो.

वाटणी करताना एक जपा. एकाच कमिटने डेटाबेस आणि पडद्यावरचा मजकूर दोन्ही बदलले, तर मेल दोन लिस्टांवर जाणार. दोन्हींत असलेल्याला तो दोनदा मिळेल. दोन्ही प्रतींचा मेसेज-आयडी, म्हणजे मेलचा अनुक्रमांक म्हणा, एकच ठेवला तर जीमेलसारख्या सेवा दुसरी प्रत दाखवत नाहीत. प्रत्येक लिस्टसाठी नवा आयडी तयार करणारी स्क्रिप्ट लोकांना विनाकारण छळते.

मेलमध्ये काय असावं

समजा, हिशेबाच्या एका प्रोग्रामचा कमिट-मेल आहे. विषय: ‘[हिशेब/मुख्य] जीएसटीची रक्कम खाली नव्हे, जवळच्या रुपयात पूर्ण करा’. चौकोनी कंसात रेपो आणि ब्रँच, मग कमिटची पहिली ओळ. कमिटची पहिली ओळ ५० अक्षरांच्या आसपास असावी हा गिटमधला रिवाज आहे, आणि फोनवर विषयाची सुरुवातच दिसते म्हणून तो पाळावा. कंसात प्रकल्पाचं नाव, लिस्टचं नाव, रेपोचं नाव असं सगळं कोंबलं तर फोनवर फक्त कंस दिसतो.

आत आधी कमिटचा पूर्ण संदेश, मग बदललेल्या फाइल्सची यादी आणि प्रत्येकीत किती ओळी वाढल्या-घटल्या, आणि त्यानंतर प्रत्यक्ष फरक, म्हणजे डिफ. अधिक चिन्हाची ओळ नवी, उण्याची काढलेली. काही जण डिफ वगळून नुसती लिंक पाठवतात. मला हे पटत नाही. लिंकवर जाणाऱ्यांची संख्या अगदी थोडी असते. डोळ्यांसमोर आलेल्या डिफमधला जास्तीचा ‘टी’ मात्र खटकू शकतो.

एक तपशील बहुतेक ठिकाणी राहून जातो. गिटमध्ये कमिटवर लेखक म्हणून कुणाचंही नाव लावता येतं, गिट काहीच पडताळत नाही.  म्हणून मेलमध्ये लेखकाबरोबरच पुश करणाऱ्याचं, म्हणजे प्रत्यक्ष लॉग-इन केलेल्याचं नाव हवं. खरेदीखत कुणाच्याही नावाचं असो, दस्त घेऊन कार्यालयात कोण आलं होतं हेही नोंदलेलं बरं. गिट-मल्टिमेलच्या सारांशात पुश करणाऱ्याला जागा असते. सर्व्हरकडून ते नाव हूकपर्यंत पोचतंय ना, एवढं तपासून घ्या.

एका रात्रीत दोन हजार मेल

आता ते शून्य. कुणी नवीन ब्रँच पुश करतं. हूक पाहतो की जुनी कमिट नाही, मग समजतो की या ब्रँचचा सगळा इतिहासच नवा आहे आणि दहा वर्षांच्या प्रत्येक कमिटचा मेल पाठवतो. घाईत लिहिलेल्या हूकचा हा ठरलेला अपघात. गिट-मल्टिमेल आधी तपासतं की ही कमिट दुसऱ्या एखाद्या ब्रँचवर आहे का, आणि असली तर मेल पाठवत नाही. शिवाय एका पुशमध्ये ५०० पेक्षा जास्त नव्या कमिट असल्या तर सुटे मेल न पाठवता सारांशावर भागवतं. ही मर्यादा बदलता येते. मी असतो तर ५० वर आणली असती, ५०० मेलसुद्धा फार होतात.

दुसरा अपघात आकाराचा. मेलमन ही लिस्ट चालवायची एक प्रचलित प्रणाली. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत मेलच्या आकाराची मूळ मर्यादा ४० केबी आहे. एखाद्याने लायब्ररी अद्ययावत केली की आपोआप तयार होणारी लॉक-फाइल, म्हणजे लायब्ररींच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी, हजारो ओळींनी बदलते, मेल ४० केबीच्या वर जातो आणि व्यवस्थापकाच्या मंजुरीसाठी अडकतो. व्यवस्थापक रजेवर. महिन्याने रांगेत दीडशे मेल सापडतात, आणि वाचणाऱ्यांना वाटत होतं की प्रकल्प शांत आहे. यावर हूकमध्येच डिफ ठरावीक ओळींनंतर कापा (पाचशे ठीक), खाली ‘पुढचं इथे पाहा’ अशी लिंक द्या, आपोआप बनणाऱ्या फाइल्सचा डिफ वगळा आणि लिस्टची मर्यादा थोडी वाढवा.

तिसरा अपघात हळू होतो. पोस्ट-रिसीव्ह संपेपर्यंत पुश करणाऱ्याचा टर्मिनल मोकळा होत नाही. हूक दूरच्या मेल-सर्व्हरशी बोलत बसला आणि तो सर्व्हर सुस्त असला, तर प्रत्येक पुशला अर्धा मिनिट लागतो. कुणीतरी वैतागून हूकच बंद करतं, आणि लिस्ट गप्प झालेली कुणाच्या लक्षात येत नाही. मेल स्थानिक रांगेत टाकून हूकने ताबडतोब बाहेर पडावं.

जीमेल मेल परत पाठवतं तेव्हा

हिशेब करा. दिवसाला ४० कमिट, २०० सभासद: ८,००० मेल. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने नियम केलाय की दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल वैयक्तिक जीमेल खात्यांवर पाठवणारा हा घाऊक प्रेषक. बहुतेक सभासद जीमेलवर असले तर मध्यम आकाराचा प्रकल्प नकळत जाहिरातवाल्यांच्या रांगेत जाऊन बसतो.

घाऊक प्रेषकाला तीन ओळखपत्रं लागतात. एसपीएफ: आमच्या डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरवरून निघू शकतात त्याची जाहीर यादी. डीकेआयएम: मेलवरची डिजिटल सही. डीमार्क: ‘समोर दिसणाऱ्या प्रेषकाच्या डोमेनशी यांतलं एकही जुळलं नाही तर मेलचं काय करायचं’ याची डोमेन-मालकाने दिलेली सूचना. त्यात ‘नाकारा’ असंही लिहिता येतं. एप्रिल २०१४ मध्ये याहूने तसं लिहिलं आणि जगभरच्या लिस्टा अडखळल्या.

कमिटच्या लिस्टवर हा घोळ कसा होतो ते बघा. हूक सौजन्याने ‘प्रेषक’ म्हणून कमिट करणाऱ्याचा पत्ता घालतो. त्याच्या कंपनीच्या डोमेनवर ‘नाकारा’ लिहिलेलं आहे. मेल मात्र तुमच्या सर्व्हरवरून निघालाय. ओळख जुळत नाही, जीमेल मेल परत पाठवतं. आता मेलमनला दिसतं ते असं की या सभासदांचे पत्ते चालत नाहीत. परत आलेल्या मेलबद्दल प्रत्येक सभासदाच्या नावावर दिवसाला जास्तीत जास्त एक गुण चढतो, आणि मूळ सेटिंगप्रमाणे ५ गुणांवर त्याचा पुरवठा थांबतो. म्हणजे कमिट एकाने केली आणि आठवड्याभरात जीमेलवरचे सगळे वाचक लिस्टमधून बाद, त्यांची काहीही चूक नसताना. ‘मला मेल येत नाहीत’ या तक्रारींचं मूळ बऱ्याचदा इथे सापडतं.

तेव्हा प्रेषकाचा पत्ता नेहमी लिस्टच्याच डोमेनचा ठेवा. दिसणारं नाव कमिट करणाऱ्याचं असू द्या, पत्ता लिस्टचा. प्रत्येक मेलवर ‘लिस्ट-आयडी’ची ओळ ठेवा. मेलचे फिल्टर तिच्यावरच लावायचे असतात, विषयातल्या कंसावर नाहीत, कारण उत्तरं-प्रत्युत्तरं आणि अग्रेषणात विषय बदलतो. जीमेलमध्ये लिस्टचा मेल उघडून तीन टिंबांच्या मेनूतून ‘असे मेल फिल्टर करा’ निवडलं की लिस्टचा निकष आपोआप भरला जातो. आणि सभासदत्व सोडायची लिंक ठळक असू द्या. ती सापडली नाही तर माणूस ‘स्पॅम’ दाबतो, आणि अशा तक्रारी ०.३ टक्क्यांवर गेल्या की बाकीच्यांचे मेलही धोक्यात येतात.

‘गिटहब कळवतंच की, मग लिस्ट कशाला?’

गिटहबवर ‘वॉच’ केलं की प्रश्न, पुल-रिक्वेस्ट (बदल सामील करून घ्यायची विनंती), चर्चा यांची सूचना येते. छोट्या चमूला तेवढं पुरतं, उगाच लिस्टांचा पसारा नको. फरक संग्रहाचा आहे. सूचना प्रत्येकाच्या खात्यात जाते आणि तिथेच मरते. लिस्टचा संग्रह सामाईक असतो, वेगळ्या सर्व्हरवर असतो आणि शेकडो इनबॉक्समध्ये त्याच्या प्रती असतात. कुणी रेपोत शिरून इतिहासच मागे फिरवला, ज्याला फोर्स-पुश म्हणतात, तरी आधी काय होतं ते मेलमध्ये राहतं. चॅटच्या चॅनेलवर बदल टाकणंही चालतं, पण अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी दिवसभर केलेलं काम पुण्यातला माणूस सकाळी उघडतो तेव्हा ते चार पडदे वर गेलेलं असतं.

दिवसाचे मेल एकत्र बांधून पाठवायची सोय, डायजेस्ट, अशा माणसाला बरी वाटेल. चर्चेच्या लिस्टसाठी ती ठीक. कमिटसाठी नको: धागे तुटतात, आणि उत्तर द्यायला गेलं की विषयाच्या ओळीत ‘डायजेस्ट, अंक अमुक’ एवढंच उरतं.

‘आधी तपासून घेतो, मग नंतर परत काय वाचायचं?’

एटीएममधून तुम्ही पैसे काढता तेव्हा बँकेचा एसएमएस निरुपयोगी असतो, तुम्हाला माहीतच असतं. तो उपयोगी पडतो तुम्ही न काढलेल्या पैशांच्या वेळी. आधीची तपासणी रीतसर वाटेने आलेल्या बदलांची होते. पीएचपीतले ते दोन बदल त्या वाटेने आलेच नव्हते.

एसएमएसलाही मर्यादा आहेत. २९ मार्च २०२४ ला प्रोग्रामर आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या, फाइल दाबून लहान करायच्या साधनातला चोरदरवाजा जाहीर केला. दूरच्या संगणकावर शिरायच्या एसएसएच लॉग-इनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याच्या मागे लागून त्यांना तो सापडला होता. त्यातला मुख्य माल चाचणीच्या बायनरी, म्हणजे माणसाला मजकूर म्हणून वाचता न येणाऱ्या, फाइल्समध्ये दडवलेला होता, आणि तो जागा करणारी स्क्रिप्ट रेपोत नव्हतीच. ती फक्त रिलीजच्या गठ्ठ्यात होती. कमिटचा मेल बायनरी फाइलबद्दल ‘फरक आहे’ एवढंच सांगतो, आणि रेपोबाहेरच्या गोष्टीबद्दल काहीच नाही. लिस्टमुळे सगळं पकडलं जातं असं कुणी सांगत असेल तर ते खरं नाही.

‘हे मेल वाचतं कोण?’

कुणालाच नेमलं नाही, तर कुणीच नाही. सगळ्यांनी सगळं वाचावं हा आग्रह पहिल्या महिन्यातच मोडतो. त्यापेक्षा आठवड्याची पाळी लावा: या आठवड्यात ‘ऑल’ लिस्ट अमुक जण चाळेल. चाळणं म्हणजे बारीक तपासणी नव्हे. ओळखीचं नाव पण अनोळखी वेळ, ‘टायपो’ म्हणून आलेला वीस ओळींचा बदल, बांधणीच्या स्क्रिप्टमध्ये विनाकारण हात, मोठी बायनरी फाइल, एवढ्यावर नजर ठेवली तरी पुरे. ४० कमिटला साधारण पाऊण तास जातो. तेवढा वेळ कामाच्या तासांत धरलेला नसेल तर पाळी कागदावरच राहते.

गेलेला मेल परत येत नाही

कुणी चुकून डेटाबेसचा पासवर्ड कमिट केला. पाच मिनिटांनी लक्षात आलं, फोर्स-पुश करून इतिहासातून काढला. रेपो स्वच्छ. पण हूकने ती पाच मिनिटं वाया घालवलेली नसतात: डिफ २०० इनबॉक्समध्ये आणि जाहीर संग्रहात पोचलाय. संग्रहातून मेल काढता येईल, इनबॉक्समधून नाही. अशा वेळी पहिलं काम पासवर्ड बदलणं, साफसफाई नंतर. बहुतेक जण उलट क्रमाने करतात.

सुरक्षेच्या दुरुस्त्यांचंही असंच जपावं लागतं. भगदाड बुजवणारी कमिट लिस्टवर गेली की भगदाड कुठे होतं तेही जाहीर होतं, आणि नवी आवृत्ती लोकांपर्यंत पोचायला अजून अवकाश असतो. म्हणून अशी कामं वेगळ्या खाजगी रेपोत होतात, जिच्यावर जाहीर लिस्टचा हूक नसतो. अपाचेमध्ये तर सांगूनच ठेवलंय की अशा कमिटच्या संदेशात सुरक्षेचा उल्लेख करू नये. नवीन रेपो जुन्याची नक्कल करून बनवली असेल, तर खाजगी काम सुरू करण्याआधी तिच्यातले हूक आणि वेबहूक उघडून पाहा. नकलेबरोबर लिस्टचा पत्ताही आलेला असू शकतो.